जकातीआडची गुलामगिरी : अमेरिकेतल्या १८३२ च्या पेचाची पार्श्वभूमी

१८१६ साली अमेरिकी काँग्रेसने परदेशी मालावर जी जकात बसवली, तिच्यात सुती कापडासाठी एक मेख मारून ठेवली होती. दर २५ टक्के. ऐकायला फार नाही. पण पुढची अट अशी, की कापड कितीही स्वस्तात घेतलेलं असो, त्याची किंमत चौरस वाराला निदान २५ सेंट आहे असंच धरून जकात घ्यायची. म्हणजे १० सेंट वाराच्या कापडावरही सव्वासहा सेंट, खऱ्या किमतीच्या ६२ टक्क्यांहून जास्त. तलम, महागड्या कापडाला या अटीने काहीच होत नव्हतं. मार बसला तो कलकत्त्याहून जहाजं भरून जाणाऱ्या हिंदुस्थानी जाड्याभरड्या कापडाला. ही कल्पना बॉस्टनच्या फ्रान्सिस कॅबट लोवेल यांची. त्यांनी नुकतीच वॉल्थम इथे गिरणी काढली होती. सूत काढण्यापासून कापड विणण्यापर्यंतचं सगळं काम एकाच छपराखाली, आणि तिथून निघत होतं ते नेमकं याच जातीचं साधं पांढरं कापड.

ही जकात मंजूर व्हावी म्हणून ज्यांनी जोर लावला त्यांत दक्षिण कॅरोलिना राज्याचे दोन खासदार होते, विल्यम लाउंड्स आणि जॉन सी. कॅल्हून. ब्रिटनशी १८१२ मध्ये सुरू झालेलं युद्ध नुकतंच संपलं होतं. देशात कारखाने हवेत हे कॅल्हूनना मनापासून पटलं होतं, आणि उत्तरेत गिरण्या वाढल्या तर दक्षिणेच्या कापसाला घरातच गिऱ्हाईक मिळणार होतं. नाराज होते ते न्यू इंग्लंडचे, म्हणजे ईशान्य कोपऱ्यातल्या राज्यांचे, जहाजमालक, कारण परदेशी मालाच्या वाहतुकीवरच त्यांचं पोट होतं. त्यांची बाजू मांडणारे डॅनिएल वेब्स्टर १८२४ पर्यंत वाढीव जकातीविरुद्ध हिरिरीने बोलत होते. चारच वर्षांनी, १८२८ मध्ये, वेब्स्टर यांनी आजवरच्या सगळ्यात चढ्या जकातीच्या बाजूने मत दिलं आणि कॅल्हून तिच्याविरुद्ध निबंध लिहायला बसले. तत्त्वं दोघांकडेही होती आणि दोघांनीही ती सफाईने फिरवली.

अमेरिकेतलं यादवी युद्ध गुलामगिरीवरून नव्हे, तर जकातीवरून पेटलं, असं ठासून सांगणारे लोक आजही भेटतात. त्यांचा हुकमाचा पत्ता म्हणजे १८३२-३३ चा पेच. त्या वेळी दक्षिण कॅरोलिनाने केंद्राचा जकात कायदा आपल्या हद्दीत रद्दबातल ठरवला आणि प्रकरण हातघाईवर आलं. पण तो पेच जवळून पाहिला की पत्ता उलटाच पडतो.

कापसाने काय केलं

१७९३ मध्ये जॉर्जियातल्या एका मळ्यावर मुक्कामाला असताना एली व्हिटनीने सरकी वेगळी करण्याचं यंत्र बनवलं. समुद्रकिनारा सोडला तर अमेरिकेत आतल्या भागात जो कापूस येत असे, त्याची रुई सरकीला इतकी घट्ट चिकटलेली असे की हाताने दिवसभर खपून जेमतेम पौंडभर साफ निघे. यंत्राने ती अडचण संपली आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांची भूक तर वाढतच होती. १८०० च्या सुमारास वर्षाला सत्तर-पंचाहत्तर हजार गाठी निघत. १८३० पर्यंत हा आकडा सात लाखांवर गेला आणि १८६० मध्ये चाळीस लाखांच्या आसपास होता. १८३० च्या दशकापासून देशाच्या एकूण निर्यातीत निम्म्याच्या घरात किंवा त्याहून जास्त वाटा एकट्या कापसाचा.

कापूस वेचणारे हात मात्र गुलामांचेच राहिले. १७९० च्या जनगणनेत गुलामीतली माणसं होती सुमारे सात लाख, १८३० मध्ये वीस लाख, १८६० मध्ये जवळपास चाळीस लाख. आफ्रिकेतून माणसं आणण्यावर १८०८ पासून बंदी होती, त्यामुळे ही वाढ देशातल्या देशात झालेली. व्हर्जिनिया आणि मेरीलँडमधली तंबाखूची जमीन दमली होती. तिथल्या मालकांना कर्ज फेडायला जमिनीपेक्षा माणसं विकणं सोपं जात होतं. साखळदंडात जोडीजोडीने बांधलेले तांडे आठवडेच्या आठवडे चालवत अलाबामा, मिसिसिपी, लुइझियानाकडे नेत. काही जहाजाने न्यू ऑर्लिन्सच्या बाजारात उतरवत. यादवीपूर्वीच्या सत्तर वर्षांत अशी दहा लाखांच्या आसपास माणसं हलवली गेली असा इतिहासकारांचा अंदाज आहे. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, पोरं तिसरीकडे, हे त्या व्यापारात रोजचंच होतं.

उत्तर म्हणजे कारखाने आणि दक्षिण म्हणजे शेती, अशी सरळ विभागणी शाळेच्या पुस्तकात बरी दिसते. प्रत्यक्षात दक्षिणेचा कापूस न्यूयॉर्कच्या दलालांच्या उधारीवर उभा होता. त्याची जहाजं उत्तरेची, विमाही उत्तरेचा. ऱ्होड आयलंडच्या कित्येक गिरण्या तर खास गुलामांच्या अंगावर घालायचं खरखरीत कापड विणत. व्यापारात त्याला ‘निग्रो क्लॉथ’ हेच नाव होतं, आणि मळेवाले ते वर्षाकाठी माणशी अमुक वार अशा हिशेबाने मागवत. म्हणजे गुलामाने वेचलेला कापूस उत्तरेत जाई आणि त्याच्याच पाठीवरचं कापड उत्तरेतून परत येई. या कापडावरच्या जकातीचा प्रश्न पुढे पुन्हा यायचा आहे.

हिंदुस्थानलाही या कापसाने सोडलं नाही. अमेरिकेवरचं लँकेशायरचं अवलंबित्व इंग्रजांना खुपतच होतं, म्हणून १८४० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने अमेरिकेतले काही अनुभवी मळेवाले चक्क पगारी नोकर म्हणून इकडे आणले. बहुतेक ठिकाणी त्यांचे प्रयोग फसले. त्यातल्या त्यात मुंबई इलाख्यातल्या धारवाडकडे अमेरिकन वाणाने मूळ धरलं. पुढे १८६१ मध्ये उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली आणि लिव्हरपूलच्या बाजारात खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत शेअरांचं वेड माजलं आणि युद्ध संपताच, १८६५ च्या जुलैत, त्याचं दिवाळं वाजलं. ती कहाणी मराठी वाचकाला ठाऊक आहे. इथे एवढी पुरे.

आधी रुसला होता तो न्यू इंग्लंड

फुटून निघण्याची भाषा आधी उत्तरेत ऐकू आली, हे सहसा विसरलं जातं. १८०७ च्या अखेरीस अध्यक्ष थॉमस जेफर्सन यांनी ब्रिटन-फ्रान्सला धडा शिकवायला सगळा परदेशी व्यापारच बंद केला. एका वर्षात निर्यात १०.८ कोटी डॉलरवरून २.२ कोटींवर आली. बॉस्टन, सेलमच्या गोद्यांत जहाजं नुसती उभी. त्यात १८१२ चं युद्ध. अखेर १८१४ च्या डिसेंबरात न्यू इंग्लंडचे प्रतिनिधी हार्टफर्डला बंद दाराआड जमले आणि त्यांनी घटनादुरुस्त्यांची यादी केली. तिच्यात एक मागणी अशी होती, की गुलामांच्या संख्येचे तीन-पंचमांश धरून दक्षिणेला ज्या जादा जागा मिळतात त्या काढून टाका. त्यांचे दूत वॉशिंग्टनला पोचतात तो न्यू ऑर्लिन्सच्या विजयाची आणि तहाची बातमी आली. सगळ्यांनी त्यांची टर उडवली आणि प्रकरण मिटलं. त्यांचा फेडरलिस्ट पक्षही पुढे उभा राहू शकला नाही.

तीन-पंचमांशाचं कलम मात्र तसंच राहिलं. गुलामाला मत नाही, पण त्याच्या डोक्यावर मालकाच्या राज्याला प्रतिनिधिगृहात जास्त जागा आणि अध्यक्षाच्या निवडणुकीत जास्त मतं. तरीही उत्तरेची लोकसंख्या भराभर वाढत होती आणि प्रतिनिधिगृह दक्षिणेच्या हातून निसटत होतं. उरलं सेनेट, जिथे राज्य लहान असो की मोठं, मतं दोनच. म्हणून पश्चिमेला नवं राज्य निघालं की पहिला सवाल एकच, तिथे गुलाम ठेवता येणार की नाही. १८०३ मध्ये दीड कोटी डॉलरला फ्रान्सकडून लुइझियानाचा मुलूख घेतल्यावर देशाचं क्षेत्रफळ जवळपास दुप्पट झालं आणि हा सवाल कायमचा मानगुटीवर बसला.

मिसुरीच्या वेळी तो उघड झाला. १८१९ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कचे जेम्स टॉलमेज यांनी दुरुस्ती सुचवली, मिसुरीला राज्य करा, पण तिथे नवे गुलाम नेऊ नका आणि जन्मणारी मुलं पंचविसाव्या वर्षी मोकळी करा. सभागृह पक्षावर नव्हे तर थेट भूगोलावर फुटलं. १८२० मध्ये तडजोड झाली : मिसुरी गुलामीसह, मेन गुलामीविना, आणि लुइझियानाच्या बाकी मुलखात ३६ अंश ३० मिनिटं अक्षांशाच्या वर गुलामगिरी नाही. सत्तरी ओलांडलेल्या जेफर्सन यांनी एका पत्रात लिहिलं, की मध्यरात्री आगीची घंटा वाजावी तसा हा प्रश्न मला दचकवून गेला. याच पत्रात त्यांनी म्हटलं, की आम्ही लांडग्याला कानाने धरून ठेवलंय, धरूनही ठेवता येत नाही आणि सोडताही येत नाही. लिहिणारा स्वतः शेकडो गुलामांचा मालक. दचकला, पण त्याने कान काही सोडला नाही.

१८१९ च्याच सुमारास लिव्हरपूलला कापसाचे भाव कोसळले, बँकांनी कर्जं आवळली आणि देशाने पहिली मोठी मंदी पाहिली. त्यातून बँकांविषयीचा राग उरला. तो पुढे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी १८३२ मध्ये राष्ट्रीय बँकेची मुदतवाढ नाकारताना वापरला. बँकेचं युद्ध हा वेगळा विषय आहे. इथे एवढंच महत्त्वाचं, की पौंडाला तीस सेंटच्या आसपास गेलेला कापूस पुढच्या दशकाच्या अखेरीस दहा सेंटपर्यंत घसरला.

चार्ल्सटन, १८२२

दक्षिण कॅरोलिना सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त का बिथरलं? कापसाचा भाव सगळीकडेच पडला होता. अलाबामा-मिसिसिपीची नवी काळी जमीन दुप्पट पीक देत होती, कॅरोलिनाची जुनी जमीन झिजली होती, तरुण गोरी कुटुंबं गाड्या जुंपून पश्चिमेकडे निघाली होती. हे सगळं खरं. पण समुद्रकाठचे भाताचे मळेवाले, ज्यांच्या धंद्याला जकातीची झळ त्या मानाने कमी, तेच या भांडणात सगळ्यांत आक्रमक होते. हे कोडं नुसत्या अर्थशास्त्राने सुटत नाही.

दुसरा आकडा पाहा. १८३० च्या जनगणनेत दक्षिण कॅरोलिनाची लोकसंख्या होती ५ लाख ८१ हजार, आणि त्यात गुलाम ३ लाख १५ हजार. निम्म्याहून जास्त. किनाऱ्याच्या भाताच्या पट्ट्यात काही ठिकाणी दर दहा माणसांत आठ-नऊ गुलाम. गोरे मालक उन्हाळ्यात हिवतापाच्या भीतीने शहरात राहायला जात आणि मळा मुकादमावर सोडत. अशा मुलखात अफवाही पुरते.

१८२२ मध्ये तर अफवेहून जास्त काही हाती लागलं. डेन्मार्क व्हेसी नावाचा, राज्यातल्या चार्ल्सटन बंदराचा सुतार. १७९९ मध्ये लॉटरीत पैसे लागले, त्यातून त्याने स्वतःचं स्वातंत्र्य विकत घेतलं होतं. बायकामुलांचं मात्र घेता आलं नाही. त्याने बंडाचा मोठा कट रचल्याचा आरोप झाला. कट नेमका केवढा होता यावर इतिहासकार अजून भांडतात, पण खटले गुपचूप चालले आणि व्हेसी धरून ३५ जणांना फाशी झाली. काळ्यांचं चर्च जमीनदोस्त झालं.

त्यानंतर राज्याने कायदा केला. कुठलंही जहाज चार्ल्सटनला लागलं आणि त्यावर मोकळा काळा खलाशी असला, तर जहाज निघेपर्यंत त्याला तुरुंगात ठेवायचं. खर्च कप्तानाने द्यायचा. नाही दिला तर खलाशी विकला जाण्याची पाळी. ब्रिटिश जहाजांवरचे खलाशीही यात सापडले आणि ब्रिटनने तक्रार केली, कारण हा सरळ तहाचा भंग होता. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम जॉन्सन, जे स्वतः चार्ल्सटनचेच, त्यांनी १८२३ मध्ये हा कायदा घटनाविरोधी असल्याचं मत दिलं. राज्याने ते कानामागे टाकलं. राज्याच्या सेनेटने तर सांगून टाकलं, की गुलामांच्या बंडापासून स्वतःला वाचवण्याचं कर्तव्य सगळ्या कायद्यांच्या, तहांच्या आणि घटनांच्या वर आहे.

म्हणजे केंद्राला न जुमानण्याचा प्रयोग जकातीच्या दहा वर्षं आधीच करून झाला होता. तो चालून गेला, म्हणून गाजला नाही.

उत्तर कॅरोलिनाचे नॅथॅनिएल मेकन यांनी १८१८ मध्येच एका पत्रात मर्म सांगितलं होतं : काँग्रेसला कालवे खोदता येत असतील, तर त्याहून अधिक अधिकाराने तिला गुलाम मुक्त करता येतील. जकात, रस्ते, कालवे, बँक या प्रत्येक गोष्टीने केंद्राचा हात लांब होत होता. दक्षिणेला भीती आजच्या जकातीची कमी आणि त्या हाताची जास्त होती.

घाणेरडी जकात

१८२८ चा जकात कायदा कसा झाला ते सांगण्यासारखं आहे, कारण त्यात राजकारणाचा एक फसलेला डाव आहे. निवडणुकीचं वर्ष. अध्यक्ष जॉन क्विन्सी अॅडम्स विरुद्ध अँड्र्यू जॅक्सन. जॅक्सनच्या लोकांना, विशेषतः न्यूयॉर्कच्या मार्टिन व्हॅन ब्युरेन यांच्या गोटाला, पेनसिल्व्हेनिया, ओहायो, केंटकी, न्यूयॉर्क इथली मतं हवी होती. म्हणून त्यांनी लोखंड, कच्ची लोकर, दोरखंडाचा हेंप, मळी यांवर चढी जकात सुचवली. या सगळ्या वस्तू न्यू इंग्लंडला लागणाऱ्या : जहाजाला लोखंड आणि दोर, रमच्या भट्ट्यांना मळी, लोकरीच्या गिरण्यांना लोकर. दक्षिणेच्या खासदारांनी हिशेब केला, की विधेयक इतकं कडू राहू द्यायचं की न्यू इंग्लंडवालेच ते पाडतील. म्हणून मसुदा सौम्य करणाऱ्या दुरुस्त्या त्यांनीच हाणून पाडल्या.

न्यू इंग्लंडने कडू घोट गिळला. प्रतिनिधिगृहात १०५ विरुद्ध ९४, सेनेटमध्ये २६ विरुद्ध २१. लोकरी कापडाला थोडं झुकतं माप मिळाल्यावर वेब्स्टरही वळले. १९ मे रोजी अॅडम्स यांनी सही केली. जकात लागणाऱ्या मालावरचा सरासरी दर ६० टक्क्यांच्या आसपास गेला. व्हर्जिनियाचे जॉन रँडॉल्फ म्हणाले, की या विधेयकाचा कुठल्याही उत्पादनाशी संबंध नाही, फक्त एका अध्यक्षाच्या उत्पादनाशी आहे. दक्षिणेने या जकातीला जे नाव दिलं त्याचा आशय ‘घाणेरडी जकात’ असाच होता. तिला जन्माला घालताना आपणही सुईणपण केलं, हे मात्र कुणी बोललं नाही.

दक्षिण कॅरोलिनाचे खासदार जॉर्ज मॅकडफी यांनी मळेवाल्यांना पटेल असा हिशेब मांडला : ४० टक्के जकात म्हणजे तुमच्या शंभर गाठींतल्या चाळीस गाठी उत्तरेचे गिरणीमालक कोठारात शिरून उचलून नेतात. हिशेब साफ चुकीचा होता. जकातीचा बोजा आयात माल घेणाऱ्या सगळ्या देशावर पडतो, कापूस पिकवणाऱ्यावरच नाही. पण तक्रार अगदीच पोकळ नव्हती. केंद्राचं बहुतेक उत्पन्न जकातीतून येई. दक्षिण आपला माल जगाच्या बाजारभावाने विकत असे आणि लागणारा माल संरक्षित, चढ्या भावाने घेत असे. वर इंग्लंडचा माल इथे कमी आला तर इंग्लंड कापूस कशाच्या जोरावर घेणार, हाही प्रश्न होता. भाव पडण्याचं मोठं कारण मात्र अलाबामात होतं, वॉशिंग्टनमध्ये नव्हतं.

कॅल्हून त्या वेळी देशाचे उपाध्यक्ष. त्यांनी नाव न देता निबंध लिहिला आणि दक्षिण कॅरोलिनाच्या विधिमंडळाने १८२८ च्या अखेरीस त्याच्या पाच हजार प्रती छापल्या. युक्तिवाद असा : संघराज्य हा राज्यांनी आपसात केलेला करार. करार मोडला की नाही हे प्रत्येक राज्य खास अधिवेशन बोलावून ठरवू शकतं आणि केंद्राचा कायदा आपल्या हद्दीत शून्य ठरवू शकतं. मग तीन-चतुर्थांश राज्यांनी घटनादुरुस्ती करून तो अधिकार केंद्राला दिला तरच कायदा परत लागू. बुद्धीची कमाल आहे यात, आणि राज्य चालवायला काडीचा उपयोग नाही. १७९८ मध्ये जेफर्सन आणि पुढे अध्यक्ष झालेले जेम्स मॅडिसन यांनी राज्यांच्या हक्कांवर लिहिलेल्या ठरावांचा आधार कॅल्हून घेत होते. गैरसोय एवढीच, की मॅडिसन अजून जिवंत होते आणि आपल्या बोलण्याचा असा अर्थ नव्हता हे सांगत होते.

आणि १८३० च्या सप्टेंबरात व्हर्जिल मॅक्सी या मित्राला लिहिलेल्या पत्रात कॅल्हूननी आतली गोष्ट स्वतःच लिहून ठेवली. जकात हे सध्याच्या परिस्थितीचं निमित्त आहे, खरं कारण नाही, असं ते म्हणतात. खरं कारण म्हणजे दक्षिणेची ती खास घरगुती व्यवस्था, म्हणजे गुलामगिरी, आणि तिच्यामुळे दक्षिणेच्या शेतीला आलेलं वळण. त्यामुळेच कर आणि खर्चाच्या बाबतीत ती बाकी देशाच्या उलट बाजूला पडते. विरोधकांनी केलेला हा आरोप नाही. चळवळीच्या नायकाचा खासगी कबुलीजबाब आहे.

पुढच्या दोन वर्षांत भीतीला खतपाणीच मिळालं. १ जानेवारी १८३१ रोजी विल्यम लॉइड गॅरिसन यांनी बॉस्टनला गुलामगिरी तत्काळ संपवण्याची मागणी करणारं साप्ताहिक काढलं. त्याच ऑगस्टमध्ये व्हर्जिनियात नॅट टर्नर या गुलामाच्या बंडात पन्नासहून जास्त गोरे मारले गेले. १८३२ च्या जुलैत काँग्रेसने जकात बरीच खाली आणली. गुलामांसाठी जाणाऱ्या त्या जाड्याभरड्या लोकरी कापडावर तर अवघी ५ टक्के ठेवली. भांडण खरंच जकातीचं असतं तर इथे निवायला हवं होतं. उलट २४ नोव्हेंबर १८३२ रोजी दक्षिण कॅरोलिनाची राजधानी कोलंबिया इथे भरलेल्या राज्याच्या खास अधिवेशनाने दोन्ही जकात कायदे शून्य ठरवले : १३६ विरुद्ध २६. १ फेब्रुवारीपासून राज्यात जकात घ्यायची नाही, आणि केंद्राने बळ वापरलं तर आम्ही संघाबाहेर.

जॅक्सन आणि जॉर्जिया

जॅक्सन स्वतः दक्षिणेचे. जन्म कॅरोलिनांच्या सीमेवरचा, टेनेसीत मळा, शंभराहून जास्त गुलाम. जकातीबद्दल त्यांना ममत्व नव्हतं. पण त्यांच्या अधिकाराला आव्हान दिलेलं त्यांना खपत नसे. १० डिसेंबरला त्यांनी जाहीरनामा काढला, की हत्यारांच्या जोरावर संघ मोडणं म्हणजे देशद्रोह. चार्ल्सटनच्या किल्ल्यांत कुमक गेली. कॅल्हून यांनी २८ डिसेंबरला उपाध्यक्षपद सोडलं आणि ते सेनेटमध्ये आले. रॉबर्ट हेन सेनेट सोडून राज्यपाल झाले आणि स्वयंसेवकांची फौज उभारू लागले. राज्यातही सगळे एका मताचे नव्हते. संघाच्या बाजूने उभ्या राहिलेल्यांत जोएल पॉइन्सेट होते. मेक्सिकोत अमेरिकेचे राजदूत असताना त्यांनी पाठवलेलं लाल पानांचं झाड आपल्याकडे नाताळच्या सुमारास रोपवाटिकांत ‘पॉइन्सेटिया’ म्हणून मिळतं. जॅक्सनना चार्ल्सटनमधल्या बित्तंबातम्या तेच कळवत.

पेच सुटला कसा, हे पाहताना नजर जॉर्जियाकडे वळवावी लागते. १८३० च्या कायद्याने जॅक्सन यांनी आग्नेयेकडच्या आदिवासी राष्ट्रांना मिसिसिपीपलीकडे हाकलण्याची सोय केली होती आणि जॉर्जियाला चेरोकींची जमीन हवी होती, तीही कापसासाठीच. १८३२ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की चेरोकी मुलखात जॉर्जियाचे कायदे चालत नाहीत. तिथे राहिल्याबद्दल कैदेत टाकलेला मिशनरी सॅम्युएल वुस्टर सोडा. जॉर्जियाने निकाल धुडकावला. जॅक्सन गप्प बसले. म्हणजे त्याच वर्षी दोन शेजारी राज्यं केंद्राला धुडकावत होती. एकाला अध्यक्षांनी देशद्रोही म्हटलं आणि दुसऱ्याला पाठीशी घातलं. जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी या राज्यांना चेरोकी, क्रीक, चॉक्टॉ यांची जमीन जॅक्सनच मिळवून देणार होते, तेव्हा या राज्यांनी कॅरोलिनाची साथ दिली नाही. जॉर्जियाने जानेवारी १८३३ मध्ये मिशनऱ्यांना सोडून ते प्रकरण हलकेच मिटवलं. दक्षिण कॅरोलिना एकटं पडलं. या जुळवाजुळवीची किंमत चेरोकींनी मोजली : १८३८-३९ च्या सक्तीच्या स्थलांतरात त्यांची सुमारे चार हजार माणसं मेली.

केंटकीचे सेनेटर हेन्री क्ले यांनी तडजोड घडवली. २० टक्क्यांहून वरची जकात टप्प्याटप्प्याने उतरवत १८४२ पर्यंत २० वर आणायची. सोबत जकातवसुलीसाठी सैन्य वापरण्याचा अधिकार अध्यक्षांना देणारा कायदा. दोन्हींवर सही एकाच दिवशी, २ मार्च १८३३. त्याच महिन्यात कॅरोलिनाच्या अधिवेशनाने आपला ठराव मागे घेतला आणि जाता जाता सैन्यवापराचा कायदा शून्य ठरवला, कारण हात हलवत घरी जाणं बरं दिसलं नसतं. १ मे रोजी जॅक्सन यांनी एका पत्रात लिहिलं, की जकात ही नुसती सबब होती, खरा हेतू फुटून दक्षिणेचा वेगळा संघ करण्याचा. पुढची सबब गुलामगिरीची असेल. त्यांचं निदान कॅल्हूनच्या निदानाच्या फार जवळ होतं. फक्त गुलामगिरी हीदेखील सबबच असेल हे त्यांचं म्हणणं टिकलं नाही. १८३५ च्या जुलैत चार्ल्सटनच्या टपाल कार्यालयातून गुलामगिरीविरोधी पत्रकांचे गठ्ठे काढून जमावाने जाळले, आणि तेव्हा जॅक्सन यांनी टपालाची बाजू घेतली नाही. पुढच्याच वर्षी प्रतिनिधिगृहाने गुलामगिरीविरुद्धचे अर्ज न वाचताच बाजूला ठेवण्याचा नियम केला. तो मोडून काढायला माजी अध्यक्ष अॅडम्स यांना १८४४ पर्यंत झगडावं लागलं.

जकात १८४६ मध्ये उतरली, १८५७ मध्ये आणखी उतरली. त्या शेवटच्या कायद्याला कॅरोलिनाच्या खासदारांचीही मतं होती, याची आठवण जॉर्जियाच्या अलेक्झांडर स्टीव्हन्स यांनी १८६० च्या नोव्हेंबरात आपल्या विधिमंडळाला करून दिली. पुढे तेच दक्षिणेच्या संघाचे उपाध्यक्ष झाले. २० डिसेंबर १८६० रोजी दक्षिण कॅरोलिना फुटलं तेव्हा लागू असलेली जकात कित्येक दशकांतली सगळ्यांत कमी होती. नवी चढी जकात मंजूर झाली ती २ मार्च १८६१ ला, सात राज्यं बाहेर पडून त्यांचे बहुतेक सेनेटर घरी गेल्यावर. इतर गुलामधारी राज्यांना काढलेल्या आवाहनात कॅरोलिनाने कराची जुनी तक्रार घातली आहे, हे खरं. पण फुटण्याची कारणं सांगणारं अधिकृत निवेदन २४ डिसेंबरला निघालं, त्यात जकातीचा उल्लेख नाही. त्यात तक्रार अशी आहे, की पळालेले गुलाम परत करण्याचा केंद्राचा कायदा उत्तरेतली राज्यं आपापले कायदे करून निष्फळ करतात, आणि केंद्र त्यांना काही करत नाही.